आतल्या बाजूचे डोळे

१

वेतुरियाचा दिवस तळघरात सुरू व्हायचा. सकाळी आठला संग्रहालयाच्या मागच्या दाराने आत यायचं, एकोणीस पायऱ्या उतरायच्या, रेडिओ लावायचा, कॉफीचं पाणी ठेवायचं आणि ते उकळेपर्यंत पेट्यांतले दाणे बघून घ्यायचे. चांदीला ओल सोसत नाही, म्हणून प्रत्येक बंद पेटीत ओल शोषणाऱ्या दाण्यांची एक वाटी असे. दाणे निळे म्हणजे पेटी कोरडी. गुलाबी झाले म्हणजे कुठून तरी ओल शिरली. डॅन्यूब चारशे पावलांवर, भिंती बारा महिने घामेजलेल्या, तरी तेवीस वर्षांत वेतुरियाच्या एकाही पेटीने दगा दिला नव्हता. याचा तिला गर्व होता. त्या संग्रहालयात गर्व करण्यासारखं दुसरं काही उरलंही नव्हतं.

त्या मंगळवारी सात नंबरच्या पेटीतले दाणे गुलाबी दिसले.

सात नंबरमध्ये शिरस्त्राण होतं. चोवीसशे वर्षांपूर्वीचं, चांदीचं, कडेला सोन्याचा मुलामा, कुणा दाची सरदाराने सोहळ्यात घालायचं. दाची म्हणजे आमचे पूर्वज. त्यांचं नाव घेतल्याशिवाय आमच्याकडे एकही भाषण संपत नाही, आणि भाषण संपलं की त्यांच्या वस्तू बुटांच्या खोक्यात जातात. हेही तीस वर्षं तसंच पडून होतं, चपटं, पायाखाली आलेल्या डब्यासारखं. वेतुरियाने चौदा महिने खपून, रोज केसाएवढं उघडत, त्याला पुन्हा डोक्याचा आकार आणला होता. गालांवर येणाऱ्या पट्ट्यांवर चोचीत मासा धरलेला गरुड होता. कपाळावर जाड भुवया आणि त्यांच्याखाली दोन मोठाले डोळे होते. डायरेक्टर प्रिकोपेंनी खालची पाटी आधीच छापून घेतली होती: 'हे डोळे शत्रूच्या वाईट नजरेपासून सरदाराचे रक्षण करीत.'

वेतुरियाने पेटीचं रबर बदललं, दाणे भट्टीत भाजून पुन्हा निळे केले आणि झाकण घट्ट लावलं. बुधवारी ते परत गुलाबी होते. इतर अकरा पेट्यांतले निळे.

'रबरच भिकार आलंय,' ती स्वतःशी म्हणाली. रबर प्रिकोपेंच्या मेव्हण्याच्या दुकानातून आलं होतं, त्यामुळे हे पटायला सोपं गेलं.

२

खरं तर तिचं डोकं आदल्या शुक्रवारपासूनच तापलेलं होतं. त्या दिवशी प्रिकोपे स्वतः खाली आले होते. ते खाली आले की काहीतरी बिघडवायचं असतं, हे तिला अनुभवाने माहीत होतं.

"दाची महोत्सवाच्या पोस्टरसाठी कुणीतरी हे डोक्यात घालायला हवं, वेतुरियाबाई."

"डोक्यात? हे?"

"नकली पत्रा कॅमेऱ्यात लगेच कळतो. गेल्या वर्षी लोक हसले."

"साहेब, ही चांदी पापडासारखी झालीय. नुसता घाम लागला तरी डाग पडेल."

"म्हणून तर तुम्हाला सांगतोय. आतून मऊ अस्तर लावून द्या. तुम्हाला जमत नसेल तर बाजारातला चांभार आणतो. तो डबाभर गोंद ओतून मोकळा होईल." जिना चढता चढता ते थांबले. "आणि परक्याच्या डोक्यावर जाणार नाहीये. तुमचाच साबिन घालतोय. बोलला नाही का?"

साबिन बोलला नव्हता. सव्वीस वर्षांचा, शाळेत कसरत शिकवणारा तिचा एकुलता एक मुलगा दर रविवारी दाची सैनिक बनून, मेंढीचं कातडं पांघरून मैदानात लुटुपुटूची लढाई करायचा. तिने ते हसून सोडून दिलं होतं. त्या संध्याकाळी मात्र तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू नको म्हणशील म्हणून."

"मग आता मी काय म्हणतेय?"

"नकोच म्हणतेयस. बघ, बरोबर ओळखलं होतं ना?" तो हसत ब्रेड कापत राहिला. "आई, पाच मिनिटांचा फोटो आहे. तू अस्तर लावलंस की काही होणार नाही. तुझ्या हाताचं काम मी ओळखतो."

तिच्या हाताचं काम. तिथेच ती फसली. चांभाराच्या गोंदापेक्षा आपली सुई बरी, असं म्हणून सोमवारी तिने माप घ्यायला शिरस्त्राण उलटं धरलं आणि दिवा तिरपा करून आत पाहिलं. चांदीत आतून ठोकून बाहेर फुगवटा आणतात. मग बारीक रेघा कोरायच्या त्या बाहेरून, कारण लोक बघतात ती बाहेरची बाजू. आतली बाजू ओबडधोबडच राहते. ती तिने शेकडो वेळा पाहिली होती.

इथे उलटं होतं. बाहेरचे डोळे नुसते गोल, कोरे. आत, ठोक्यांच्या खळग्यांत, बुबुळं कोरलेली होती. पापण्यांचा केस न् केस होता. बाहेरून दिसत होती ती पाठ होती. त्या दोन डोळ्यांनी जे काही बघायचं ते आत बघायचं होतं.

तिने प्रिकोपेंना फोन केला.

"छान, छान," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी लेख लिहा. पाटी छापून झालीय."

पालथ्या घड्यावर पाणी. वेतुरियाने दात आवळून जाड लोकरीचं अस्तर कापलं, काठाखाली खोचायच्या पट्ट्या शिवल्या आणि अस्तर आत बसवलं. लोकर त्या दोन डोळ्यांवर नीट, घट्ट बसली. काम सुरेख झालं होतं.

३

गुरुवारी नगरपालिकेने रस्ता खणला आणि सकाळी दहालाच वीज गेली. रेडिओ बंद पडला. नदीचं पाणी उपसणारा कोपऱ्यातला पंपही बंद पडला. तळघरात इतकी शांतता तिने क्वचितच ऐकली होती. भिंतीच्या वरच्या खिडकीतून जाणाऱ्या-येणाऱ्यांचे पाय दिसत होते, तेवढ्या उजेडात ती एका बांगडीवरचा मळ कापसाने टिपत बसली.

थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं की आपण मोजतो आहोत. आवाज होता, आणि हात त्याच्या तालावर चालला होता. आत, थांबा. बाहेर, थांबा. कुणीतरी तोंड उघडं टाकून, कापडाआडून श्वास घ्यावा तसा.

पंप, ती मनात म्हणाली. मग पंप बंद आहे हे तिला आठवलं. पाइपातली हवा असेल. बाहेर खणतायत, त्याचा हादरा असेल. ती उठली आणि एकेका पेटीला कान लावत गेली. सहापर्यंत काही नव्हतं. सातच्या झाकणाला कान लावला तेव्हा आवाज थांबला. तिने कान काढला नाही. आतलंही थांबून राहिलं. शेवटी तीच मागे सरकली, आणि मग तो एकदम, दम कोंडल्यावर घेतात तसा, मोठ्याने सुरू झाला.

ती वर आली तेव्हा पहारेकरी आकिमकाका पायरीवर सूर्यफुलाच्या बिया सोलत बसले होते. सत्तरीचे, दाढी छातीपर्यंत. शिरस्त्राण ज्या थडग्याच्या टेकाडात सापडलं ते खणलं तेव्हा हे तिथे मजूर होते.

"काका, ते शिरस्त्राण सरदाराच्या डोक्यावर होतं ना?"

"कोण म्हणतं? सरदार एका खोलीत, हे दुसऱ्या खोलीत. सपाट दगडावर पालथं घातलेलं आणि वर हातभर धोंडे रचलेले. चेपलं ते त्यानंच. आमच्या नावावर उगाच फाडलं बिल."

"आणि खाली काय होतं?"

"काही नव्हतं." त्यांनी एक साल थुंकलं. "दगड ओला होता फक्त. भर जुलैत, खडखडीत टेकाडात. आमचा मुकादम म्हणाला, लवकर परत पालथं घाल. पण साहेब लोकांना फोटो हवा होता."

"तुम्ही हे कधी बोलला नाहीत."

"मला विचारलं कुणी? पगार दाराशी बसायचा आहे."

वेतुरियाला स्वतःचाच राग आला. ती शिकलेली बाई होती. तिची आई दृष्ट लागली म्हणून जळक्या काड्या पाण्यात सोडायची तेव्हा ती खो खो हसायची. तरी त्या दिवशी ती पुन्हा जिना उतरली नाही. शेवटी तिने ठरवलं: कारण काही का असेना, उद्या अस्तर काढायचं. चांदीला लोकरीची ओल बाधते, असं कागदावर लिहायचं. ते खोटंही नव्हतं.

४

शुक्रवारी ती अकराला दवाखान्यात रक्तदाब दाखवून आली, तोवर सात नंबरची जागा रिकामी होती.

"डायरेक्टरसाहेब घेऊन गेले," आकिमकाका म्हणाले. "त्यांच्याकडे दुसरी किल्ली आहे. उजेड चांगला आहे म्हणाले."

ती नदीकाठी पोचली तेव्हा साबिन गवताळ उंचवट्यावर उभा होता. अंगावर कातडं, हातात ढाल, डोक्यावर चांदी. गालांवरच्या पट्ट्या हनुवटीखाली बांधल्या होत्या. खाली प्रिकोपे फोटोवाल्याला शिकवत होते. उन्हात तो खरोखर देखणा दिसत होता, आणि त्याचाही तिला राग आला.

"काढ ते. आत्ताच्या आत्ता."

"आई, दोनच राहिले."

"साबिन, काढ म्हणते ना!"

"वेतुरियाबाई, घरचं नाटक घरी करा," प्रिकोपे म्हणाले. "पोरगा लहान आहे का?"

तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. उंचवटा चढून गाठ सोडली आणि हातमोजे न घालता शिरस्त्राण उचललं. तेवीस वर्षांत पहिल्यांदा तिने उघड्या हाताने चांदी धरली होती. साबिनचे केस ओले चिंब होते. चेहरा मात्र कोरडा.

"ऊन लागलं असेल," तो म्हणाला. "पण आत गार होतं, आई. बरं वाटत होतं."

तळघरात येऊन तिने अस्तर उसवलं. लोकर खडखडीत कोरडी निघाली. शिरस्त्राण उघडंच पेटीत ठेवून ती तासभर समोर बसली. दाणे निळे. दुसऱ्या दिवशी शनिवार असूनही ती मुद्दाम येऊन गेली. दाणे निळे होते आणि पेटीत काही आवाज नव्हता. मन निवायला हवं होतं. ते निवलं नाही, कारण जे पेटीत होतं ते आता पेटीत नव्हतं.

५

रविवारी दुपारी साबिन जेवायला बसला. तिने मासळीचं सूप वाढलं, वर लसणाचं पाणी घातलं आणि मक्याचा घट्ट सांजा दोऱ्याने कापला. दोन दिवस तो वाक्य सुरू करायचा आणि मधेच थांबायचा, कुणाला तरी आधी बोलू द्यावं तसा.

"परवा शाळेत," तो म्हणाला. थांबला. मग चमचा उचलला.

"काय परवा शाळेत?"

"काही नाही."

ती मीठ घ्यायला त्याच्या मागे गेली आणि तिथेच थबकली. तो वाडग्यावर वाकला होता. टाळूवरचे केस दाबले जात होते आणि उठत होते. दाबले जात होते आणि उठत होते. खिडकी बंद होती. दुसरं म्हणजे त्या जागेवरचे केस पांढरे झाले होते, हाताच्या तळव्याएवढे. सकाळी नाण्याएवढे दिसले तेव्हा तिला वाटलं होतं, उजेडाचा खेळ आहे.

"साबिन, डोक्याला काय वाटतंय?"

"गार," तो म्हणाला. त्याचा आवाज दमलेला होता, तिच्या बापाचा शेवटच्या आजारात असायचा तसा. "आई, जरा हळू बोल ना. ऐकू येत नाही मला."

"काय ऐकू येत नाही?"

त्याचं लक्ष वर होतं.

हे वाढत जाणार, हे कळायला तिला शहाण्यासुरत्याची गरज नव्हती. तळव्याएवढं आहे ते उद्या डोकंभर होईल, आणि मग तिचा मुलगा नुसता ऐकत बसेल. भीती तिला वाटलीच, पण भीतीआधी संताप आला. एका पोस्टरसाठी. पाच मिनिटांच्या फोटोसाठी. आणि सुई कुणाची? तिचीच.

६

ती संग्रहालयात गेली, पेटी उघडली आणि चोवीसशे वर्षांची चांदी बेकरीच्या खोक्यात घालून घरी आली. आकिमकाकांनी खोक्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवून बिया सोलत राहिले.

"हे काय?" साबिनने विचारलं.

"बस तिथे. हलू नकोस."

"आई, नको."

ते 'नको' त्याच्या तोंडून आलं, पण साबिन असं कधी बोलत नसे. त्याच्या नाही म्हणण्यात नेहमी थोडी थट्टा असायची. तिने मागून शिरस्त्राण दोन्ही हातांत धरलं, उघडे कोरलेले डोळे खाली करून, आणि हळूहळू आणलं. अजून वीतभर अंतर असताना त्याच्या केसांत मानेपासून कपाळापर्यंत भांग पडला. मग कपाळापासून कानाकडे. कुणी लहान प्राणी वाट शोधत पळावा तसे केस बाजूला होत गेले, पण केसांवर काही नव्हतं. आणि मग, काठ टेकायच्या आत, क्षणभर तिला काहीतरी दिसलं. ओलं. आणि ते वर बघत होतं. तिच्याकडे नाही, त्या डोळ्यांकडे.

तिने शिरस्त्राण दाबून खाली बसवलं.

किती वेळ धरून होती कोण जाणे. आतला श्वास आधी भराभर चालला, तिच्या बोटांना कळेल इतका, आणि मग मंदावला. चर्चची घंटा दोनदा होऊन गेली. तिच्या खांद्यांना रग लागली. शेवटी खालून आवाज आला.

"आई, पट्टी गालाला टोचतेय. आणि सूप गार झालं असेल."

तो साबिन होता. ती रडली, आणि रडताना त्याला दोन शिव्याही दिल्या. मग शिरस्त्राण उचलून, क्षणही न दवडता, ओट्यावर पालथं घातलं आणि वर मक्याच्या पिठाची पाच किलोची पिशवी ठेवली. साबिनचे केस सरळ पडले होते. पांढरी जागा पांढरीच राहिली. पिशवीखालून ओट्यावर ओल पसरत होती.

आता ते तसंच पेटीत ठेवायचं, अस्तराविना, डोळे उघडे. वर धोंडे नसले तरी कागदावर काहीतरी कारण लिहून, भांडून, कुणालाही हात लावू न देता ठेवता आलं असतं. तिथे ते मिटलं असतं. हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि तरीही दिवेलागणीला ती सुई-दोरा घेऊन बसली. शिरस्त्राण पालथंच ठेवून, काठ जेमतेम बोटभर उचलून, तिने आत लोकर सरकवली. जुन्याच भोकांतून जुनेच टाके घातले.

७

सोमवारी सकाळी प्रिकोपे रिकाम्या पेटीसमोर लालबुंद होऊन उभे होते.

"कुठे होतं?"

"अस्तर सैल पडलं होतं. घरी नेऊन नीट केलं."

"घरी? तुम्हाला वेड लागलंय का? उद्या वर कळलं तर माझी खुर्ची जाईल."

"नाही कळणार." तिने खोकं टेबलावर ठेवलं. "पोस्टरचे फोटो पाहिले मी, साहेब. आमचं पोरगं काही सरदार दिसत नाही. शाळकरी दिसतं. सरदार म्हणजे कसा, वयाचा, वजनाचा माणूस हवा."

प्रिकोपेंचा राग अर्ध्या वाटेत थांबला. त्यांनी टायवरून हात फिरवला.

"फोटोवाला तेच म्हणाला होता," ते म्हणाले. "मीच म्हटलं, बरं दिसत नाही, डायरेक्टरनेच घातलं तर."

"कुणाला कशाला कळतंय? मी काढते एक. पसंत पडला तर बघा."

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. टकलावर आडव्या चिकटवलेल्या सात-आठ केसांवरून बोटं फिरवली आणि मान झुकवली. वेतुरियाने शिरस्त्राण चढवलं आणि हनुवटीखाली गाठ मारली, नीट, घाई न करता.

"हलकं आहे हो," ते म्हणाले.

"हो."

"आणि गार. फार छान गार."

तिने तीन फोटो काढले. शिरस्त्राण उतरवलं तेव्हा त्यांच्या टकलावरचे ते केस उभे राहिले आणि आडवे झाले, उभे राहिले आणि आडवे झाले. ते काहीतरी सांगत होते, पोस्टरचा आकार की काय, आणि मधेच थांबून वर बघत राहिले. वेतुरियाने अस्तर उसवलं, शिरस्त्राण पेटीत ठेवलं, निळे दाणे घातले आणि झाकण लावून घरी निघाली. जिन्यात तिला वाटलं होतं, आता तरी मन शांत होईल.

साबिनने रजा घेतली होती. ती आली तेव्हा तो ताट वाढून वाट बघत बसला होता. चेहऱ्यावर रंग आला होता, आवाज त्याचाच होता. तिने समोर बसून ब्रेड मोडला.

"कुणाला दिलंस?" त्याने विचारलं.

"काय कुणाला?"

"आई."

"ज्याला हौस होती त्याला," ती म्हणाली. "जेव गुमान."

त्याने दोन घास खाल्ले. मग टाळूवरच्या पांढऱ्या जागेवर हलकेच हात ठेवला, आणि तिच्याकडे पाहिलं ते रागाने नाही, समजावल्यासारखं.

"त्याला तिथे करमायचं नाही, आई. येईल ते परत," तो म्हणाला, आणि शेजारची खुर्ची पायाने थोडी मागे सरकवून ठेवली.